समुद्रावर पाच लिटर पाणी

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आणि तो बघायला जाताना सोबत पाच लिटर पाणी घेऊन गेलो. हे ऐकून प्रत्येक जण हसतो, म्हणून आधीच सांगून टाकलं. हसून झालं की पुढे वाचा.

माझा मुलगा गजानन नौदलात आहे. पंधरा वर्षं होत आली. वर्षातून एखादा दिवस असा असतो की नौसैनिकांच्या घरच्यांना जहाजावर घेतात, सकाळी समुद्रात नेतात, जेवू घालतात आणि दिवस मावळायच्या आत किनाऱ्याला आणून सोडतात. कधी त्याचं जहाज दुसरीकडे, कधी मला रजा नाही, कधी कुणाचं दुखणं, असं करत ते राहूनच गेलं होतं. या वर्षी जमलं. जहाजाचं नाव लिहायचं नाही, कुठे काय आहे तेही लिहायचं नाही, असं लेकाने बजावलं आहे. फोन तर गोदीच्या दारातच काढून घेतात, त्यामुळे फोटोही नाहीत. पण मुकुंदवाडीत आमच्या गल्लीतले लोक भेटेल तिथे अडवून विचारतात, तेव्हा जे डोक्यात आहे ते एकदाच लिहून ठेवतो.

आता पाण्याचं. मी तीस वर्षं पाणीपुरवठ्यात लाइनमन होतो. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, छातीएवढ्या लांब दांड्याची चावी खड्ड्यात घालायची आणि आटे मोजत व्हॉल्व्ह फिरवायचा, की त्या वस्तीला पाणी सुटतं. पाणी आलं तर ते देवाने दिलेलं असतं, नाही आलं तर शिव्या लाइनमनला. आमच्या गल्लीत जायकवाडीचं पाणी आठव्या दिवशी येतं. याची एवढी सवय झाली आहे की आमच्या घरात आठवडे मोजत नाहीत, पाणी मोजतात. 'लग्नाला अजून तीन पाणी आहेत' असं म्हटलं की कुणी कॅलेंडर बघत नाही.

पाण्याच्या दिवशी घरात प्रत्येकाचं काम ठरलेलं. नळाला आधी येतं ते पहिलं पाणी, आठ दिवस पाइपात बसलेलं, गंजाच्या रंगाचं. ते झाडांना. मग येतं ते मधलं पाणी, प्यायचं. शेवटी धार बारीक होते, ते धुण्याभांड्याला. सून मनीषा नळी धरते. नऊ वर्षांची नात दुर्वा स्टूल टाकून मोटरच्या बटणापाशी बसते. पहिलं संपून मधलं कधी सुरू झालं हे ओळखणं माझं काम. ओंजळीत घ्यायचं, जिभेला लावायचं आणि म्हणायचं, "भरा." मी 'भरा' म्हटल्याशिवाय पिण्याच्या टाकीत थेंब पडत नाही. नोकरीतून एवढा एकच मान घरी आणला आहे आणि तो मी कुणाला देत नाही.

गजू बंदरात आला की फोन करतो. तब्येत, शाळा, पाऊसपाणी सगळं नंतर. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "आबा, पाणी कधी आलं?"

शुक्रवार, घरी

निघायच्या आदल्या दिवशी पाणी आलं. सगळं भरून झाल्यावर दुर्वाने तेलाचा धुतलेला पाच लिटरचा कॅन पुढे केला. म्हणाली, बाबा म्हणतात जहाजावरच्या पाण्याला चव नसते, तर हे घेऊन जा. मी म्हणालो, "अगं, मी समुद्रावर चाललोय." ती म्हणाली, "ते खारट असतं, आबा." तिने वहीचा कागद चिकटवून त्यावर पेनाने लिहिलं, 'मधलं पाणी. बाबांसाठी. पहिलं नाही.'

मनीषा धपाटे बांधत होती. शेंगाची चटणी पुडीत बांधली, पुडी पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. मग हात पुसत उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"मामा, त्यांना एक सांगायचं व्हतं."

"सांग की."

"मार्चला पंधरा वर्षं भरत्यात. पुढच्या पाच वर्षांचा फॉर्म येतो म्हणत होते. म्हणावं, नका भरू. आता घरी या."

"तूच सांग ना फोनवर."

"फोनवर मी काय बी सांगितलं तरी 'बरं' म्हणत्यात. तोंडावर सांगणारं कुणीतरी पाहिजे."

लग्नाला अकरा वर्षं झाली पोरीच्या. गजूची आई तो नोकरीला लागायच्या आधीच गेली, त्यामुळे या घरात मनीषाला गाऱ्हाणं सांगायला बाईमाणूसही नव्हतं. तिने कधी गाऱ्हाणं केलंही नाही. दिवाळीला फराळाचा डबा बाजूला काढून ठेवायचा, तो पंधरा दिवसांनी दुर्वाला द्यायचा आणि पुन्हा धुऊन ठेवायचा. अकरा वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी मान हलवली आणि कॅनपेक्षा जड वाटणारा तो निरोप घेऊन निघालो.

रविवार, गोदीचं दार

रेल्वेचा प्रवास सांगण्यासारखा नाही. कॅन मांडीवर होता, एवढंच. रविवारी सकाळी गोदीच्या दारात पोचलो तर रांग लागलेली. नटूनथटून आलेल्या बायका, पोरं, काठ्या टेकत आलेली म्हातारी माणसं. पंजाबी, मल्याळी, बिहारी, सगळ्या भाषा. आणि सगळ्यांच्या हातात डबे. देशभरात आईबापांना एकच धडा शिकवलेला दिसतो, पोराला सरकार उपाशी ठेवतं.

पहारेकऱ्याने माझा कॅन उचलला. "इसमें क्या है?"

"पानी."

"समंदर में पानी लेके जा रहे हो, बाबा?"

"घर का है."

"पीके दिखाओ."

पाठीमागची रांग बघत होती. मी झाकण उघडून घोटभर प्यायलो. जिभेला पाणी लागलं की मत द्यायची सवय, त्यामुळे तोंडातून आपसूक निघालं, "चांगलंय." तो हसला आणि जाऊ दिलं.

गजू धक्क्यावरच उभा होता. पांढऱ्या गणवेशात. मे महिन्यात सुट्टीला आला होता तेव्हाचा गजू लुंगीवर गच्चीत झोपायचा, त्याच्याशी या माणसाचं नातं जुळवायला मला क्षणभर वेळ लागला. पाया पडायला वाकला आणि टोपी सांभाळत अर्ध्यातच सरळ झाला. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आजूबाजूला त्याचे लोक होते. मी कॅन पुढे केला.

त्याने कागदावरचं वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. "दुर्वाचं अक्षर," एवढंच म्हणाला आणि त्याचं तोंड उतरलं. मला वाटलं, लेकीची आठवण आली असेल. आता कळतं की मी किती ठोंब्या.

उंबरे आणि शिड्या

जहाज म्हणजे पाण्यावरचं गाव, असं लोक म्हणतात. मला ते पाण्यावरचं पंपहाऊस वाटलं. जिकडे बघावं तिकडे पाइप. डोक्यावर पाइप, भिंतीला पाइप, आणि प्रत्येकावर रंगाचा पट्टा: याच्यात समुद्राचं पाणी, त्याच्यात गोडं, पलीकडे तेल. आमच्या शहरात कुठली लाइन कुठून जाते हे जुन्या माणसांना विचारावं लागतं. इथे पाइपच सांगतो. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

दारं मात्र विचित्र. प्रत्येक दाराला गुडघ्याएवढा उंबरा, पाणी शिरलं तर पुढच्या खोलीत जाऊ नये म्हणून. उंबऱ्यावर पाय देऊ नये हे माझ्या आजीने शिकवलेलं, ते इथे कुणी सांगायची गरज नाही, पाय दिला तर नडगी फुटते. आणि नडगी सांभाळावी तर डोकं आपटतं. दुपारपर्यंत मला दोन टेंगळं आली होती. शिडी उतरताना तोंड शिडीकडे करायचं. मी आपल्या जिन्यासारखा सरळ उतरायला लागलो तेव्हा गजूने मागून कॉलर धरली.

"आबा, उलटे फिरा. विहिरीत उतरल्यासारखं."

हे मला लगेच समजलं. पाचोडच्या आमच्या विहिरीत मी लहानपणी असाच उतरायचो.

सगळ्यात खाली त्याची राहायची जागा होती. एका खोलीत पन्नासेक माणसं. रेल्वेच्या डब्यासारखे तीन मजली पलंग, दोन पलंगांमध्ये एवढंच अंतर की कुशीवर वळताना खांदा वरच्या फळीला लागतो. उशाला एक लोखंडी कप्पा, शाळेच्या दप्तरापेक्षा थोडा मोठा. त्यात माणसाचा सगळा संसार. पंधरा वर्षं माझा पोरगा एवढ्या जागेत राहतोय आणि घरी आम्ही त्याच्यासाठी एक खोली बांधून कुलूप लावून ठेवली आहे.

कप्प्याच्या दाराला आतून दुर्वाचा फोटो होता. तीन वर्षांची, तेल लावून चप्प बसवलेले केस.

"हा जुनाय की रे. आता केवढी झाली ती."

"माहीत हाय," तो म्हणाला. "पण ही मला ओळखायची."

निरोप ओठांवर आला होता, पण तेवढ्यात भिंतीवरच्या कर्ण्यातून शिट्टी वाजली आणि हुकूम झाला, आणि पन्नास माणसं एका दमात शिड्या चढून गेली. जहाज सुटत होतं.

आत, समुद्रात

किनारा मागे गेला. आधी इमारती, मग नुसता धूर, मग काहीच नाही. मी जायकवाडीच्या काठावर उभं राहून 'केवढं हे पाणी' म्हणणारा माणूस. पैठणला निदान पलीकडचा काठ असतो, असं धरून चालता येतं. इथे धरून चालायला काहीच नव्हतं. सगळीकडे पाणी आणि त्यातलं एक भांडंही पिता येत नाही. मला एकदम भीती वाटली. आणि त्या भीतीत मी पहिल्यांदा नीट विचार केला की हा पोरगा चार चार महिने हे बघत असतो.

विचार फार टिकला नाही, कारण मला उलटी झाली. एका हरियाणाच्या पोराने लिंबू आणून दिलं. "ताऊ, दूर देखो, पाँव की तरफ मत देखो." दूर बघितलं, बरं वाटलं.

मग गजूने जहाजावरचा दिवस समजावून सांगितला. चार तास काम, आठ तास मोकळे, पण मोकळे म्हणजे फक्त नावाला. त्या आठ तासांत झाडणं, पुसणं, रंग देणं, कवायत, जेवण, झोप. रविवार असा नसतो. सकाळ-संध्याकाळ कर्णा सांगतो तेव्हा होते. अंघोळीच्या वेळा ठरलेल्या, तेवढाच वेळ न्हाणीचं पाणी सुटतं. नवी पोरं पहिल्या महिन्यात रडकुंडीला येतात. अंगाला साबण लावावा तर पाणी जातं.

"तुला जड गेलं असंल," मी म्हणालो.

"मला? आबा, मी कुणाचा पोरगा? एका बादलीत अंघोळ करून उरलेल्या पाण्यात बनियन धुणारा मी एकटाच व्हतो. चीफ बघायला आले व्हते."

हे सांगताना तो खुलला. मी पण फुगलो. जेवायला राजमा, भात, कोंबडी आणि खीर होती, पण आमच्या टेबलावर धपाट्यांची पिशवी उघडली आणि चार राज्यांतली पोरं त्यावर तुटून पडली. गजूने कॅन उघडला. सगळ्यांना अर्धा अर्धा ग्लास ओतला, देवळात तीर्थ देतात तसा. "हमारे यहाँ का पानी है. आठ दिन में एक बार आता है." राजस्थानचा एक पोरगा म्हणाला, "हमारे तो टैंकर आता है," आणि ग्लास कपाळाला लावून प्यायला. गजू सगळ्यांच्या शेवटी प्यायला. सावकाश. कॅन रिकामा झाला तरी त्याने झाकण लावून तो जवळच ठेवला.

माझा पराक्रम

जेवणानंतर गजूला कामावर जायचं होतं. त्याने मला बाकावर बसवलं. "आबा, इथंच बसा. मी तासाभरात आलो." मी बसलो. दहा मिनिटांनी लघवीला जावं लागलं. एकाने वाट दाखवली.

परत येताना न्हाणीच्या बाहेर भिंतीवर एक छोटं चाक दिसलं, हिरव्या पट्ट्याच्या पाइपावर. चाकाच्या दांड्याजवळून थेंब गळत होता. टप, टप. तीस वर्षं गळका व्हॉल्व्ह बघून पुढे गेलो नाही मी. कुणाच्या लग्नाच्या मांडवाबाहेर गळका नळ दिसला तरी पंगत सोडून उठलेला माणूस. हात आपोआप गेला. घड्याळाच्या दिशेने, अडीच आटे. थेंब थांबला. मी समाधानाने हात पुसले.

आतून आरडाओरडा सुरू झाला.

अंघोळीची वेळ होती. ड्युटीवरून सुटलेली पोरं अंगभर साबण लावून उभी होती आणि पाणी गेलं होतं. कुणीतरी फोन फिरवला, कर्णा वाजला. गजू शिडी चढून धावत आला, घामाघूम, हातात पाना. त्याला वाटलं पंप बंद पडला. त्याने खालचं सगळं तपासलं होतं. मागोमाग त्याचे चीफ, पन्नाशीचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांची नजर चाकावर गेली, मग माझ्यावर.

"मी बंद केलं," मी म्हणालो. "गळत होतं."

लिंबू देणारा हरियाणाचा पोरगा दारातून डोकावला, डोक्यावर फेस, एक डोळा मिटलेला. "ताऊ, आँख गई मेरी."

सगळे हसले. अगदी साधं, प्रेमाचं हसू होतं ते. चीफनी माझ्या दंडाला धरून मला बाकावर नेऊन बसवलं. "बाबूजी, आप यहाँ आराम से बैठिए. बस, कुछ छूना मत."

मी बसलो. हात मांडीवर. मांडीवर हात ठेवून बसलेला मी किती वर्षांत नसेन. येणारी जाणारी पोरं बघून हसायची, मीही हसायचो. आणि आतून मला इतकं कडू वाटत होतं की सांगता येत नाही. ज्या कामात आयुष्य गेलं त्याच कामात मला 'हात लावू नका' म्हटलं होतं, आणि तेही लेकाच्या डोळ्यांदेखत.

थोड्या वेळाने चीफ परत आले. मी शहराचा लाइनमन होतो हे गजूने सांगितलं असावं. ते गजूला म्हणाले, "जा, पानी वाले को पानी दिखा दे."

जिथे पाणी करतात

अजून दोन शिड्या खाली. ती खोली लहान होती आणि तिथे एवढा आवाज होता की मनातलं ओरडूनच सांगावं लागतं. भिंतीला लांब नळकांडी बसवलेली. एका बाजूने समुद्र आत घेतात, जोराने दाबतात, दुसऱ्या बाजूने गोडं पाणी निघतं. गजूचं काम ते. सगळ्या जहाजाला पाणी करून द्यायचं. एवढ्या वर्षांत मी त्याला कधी विचारलं नव्हतं की तू तिथे नेमकं काय करतोस. 'मशीनवर आहे,' असं लोकांना सांगायचो.

त्याने ग्लास भरून दिला. मी जिभेला लावला.

"कसं हाय?" तो ओरडला.

"साफ हाय. पण फुळकवणी."

"पंधरा वर्षं हेच पितोय, आबा."

आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. "मनीषानं निरोप दिलाय," मी ओरडलो. "फॉर्म भरू नको म्हणली. घरी ये म्हणली."

त्याने मशीनवरचा एक काटा बघितला. दुसरा बघितला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "भरला, आबा. गेल्या सोमवारी."

मला राग आला. "का? इकडं काय ठेवलंय?"

"इथं मला काम हाय. तिथं नाय."

"काम मिळंल की. वाळूजला एवढ्या कंपन्या—"

"नोकरीचं म्हणत नाय मी. घरात. घरात मला काम नाय."

मग त्याने मे महिन्यातलं सांगितलं. ते मला माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं मला वाटत होतं. मी तेव्हा पाहुण्यांकडे पाचोडला गेलो होतो. पाणी अवेळी आलं. गजू म्हणाला, मी भरतो, आणि हौसेने नळी धरली ती सरळ पिण्याच्या टाकीत सोडली. जहाजावर पाणी मशीनमधून येतं, तिथे पहिलं-मधलं काही नसतं, आणि घरची सवय मोडलेली. टाकी गंजाच्या पाण्याने भरली. आठ दिवस आम्ही शेजाऱ्यांकडून कळशी कळशी आणून प्यायलो. दुर्वाने त्याच्या हातातून नळी काढून घेतली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही बाजूला उभं राहा. तुम्हाला येत नाय."

पोर बोलली ते बोलली. मी काय केलं? मी परत आलो आणि चहाच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत सगळ्या गल्लीला सांगितलं, समुद्रावर राहणाऱ्याला नळाचं पाणी भरता येईना. लोक त्याला अडवून विचारायचे, काय नेव्हीवाले, गाळून पिता का? तोही हसायचा. आणि चार दिवसांनी, सुट्टी बाकी असताना, बोलावणं आलं म्हणून निघून गेला.

"बोलावणं आलं नव्हतं, आबा," तो ओरडला.

मला बसायला जागा हवी होती, पण तिथे बाक नव्हता. तासाभरापूर्वी मी वर मांडीवर हात ठेवून बसलो होतो. एका तासात माझं तोंड कडू झालं होतं. तो मे महिन्यापासून ते घेऊन फिरत होता.

"मी हसलो ते चुकलं," मी म्हणालो.

"काय?" त्याला ऐकू आलं नाही.

पोरासमोर चूक कबूल करायची माझी ही पहिलीच वेळ, आणि ती मला दोनदा करावी लागली. दुसऱ्यांदा पोटातून ओरडलो. "मी हसलो ते चुकलं, गजू!"

त्याने ऐकलं. बाहीने तोंड पुसलं. घाम होता की काय होतं, मी बघितलं नाही.

"फॉर्म मागं घेता येतो का?" मी विचारलं.

"बुधवारपर्यंत."

"मग?"

तो बोलणार होता असं मला आजही वाटतं. पण कर्णा वाजला. बंदर जवळ आलं होतं.

जहाज धक्क्याला लागताना सगळे नौसैनिक पांढऱ्या कपड्यांत कठड्याशी ओळीने उभे राहतात, ताठ, हात मागे, पाय फाकून. बघायला फार देखणं दिसतं. मी मागे उभा राहून आमचा कुठला ते शोधत होतो. सगळे सारखे. त्यांच्यात माझा एक होता आणि मला तो ओळखता येत नव्हता. माझ्या शेजारची केरळची एक म्हातारी बाई एकाकडे बोट दाखवून रडत होती, आणि मला वाटतं तिनेही अंदाजानेच दाखवलं असावं.

उतरताना गजूने कॅन हातात दिला. भरलेला. "दुर्वाला द्या. म्हणावं, बाबानं केलंय."

परत

सोमवारी घरी पोचलो. दुर्वाने कॅन उघडून प्यायला घेतलं, तोंडात घोळवलं, माझ्यासारखंच. "चव नाय, आबा." मग थोडं थांबून परत एक घोट घेतला.

जेवायला बसल्यावर मी दोघींना सगळं सांगितलं. व्हॉल्व्हचं, बाकाचं, फॉर्म भरल्याचं, आणि मे महिन्यात बोलावणं आलं नव्हतं तेही. लपवण्यात अर्थ नव्हता. मनीषा ताट तसंच ठेवून उठली आणि बराच वेळ मोरीत भांडी घासत राहिली. दुर्वाने फक्त एक विचारलं, "मी बाजूला व्हा म्हणले म्हणून?" मी म्हणालो, "तू एकटी नाय. मी पण."

मंगळवारी संध्याकाळी फोन आला. मनीषाने घ्यायच्या आत दुर्वाने तो उचलला, स्पीकरवर टाकला आणि पलीकडून पाण्याचा प्रश्न यायच्या आत बोलायला लागली.

"बाबा, मी कामं नव्यानं वाटलीत. आईकडं नळी. मोटर माझी, ती मी देणार नाय. तुम्ही पहिलं पाणी बघायचं."

"म्हणजे काय करायचं?"

"चव घ्यायची अन् 'भरा' म्हणायचं."

"ते तर आबांचं हाय."

"आबा खुर्चीवर बसतील."

तिने मला विचारलं नव्हतं. मी तिथेच उभा होतो आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती. माझा उरलेला एकुलता मान नऊ वर्षांच्या पोरीने उचलून देऊन टाकला.

पलीकडून गजू म्हणाला, "आबांना दे."

मी फोन कानाला लावला.

"आबा," त्याने विचारलं, "पहिलं पाणी किती मिनिटं जाऊ द्यायचं असतं?"

"ते मिनटावर नसतं," मी म्हणालो. "जिभेवर असतं. इथं ये, शिकवतो."

"बरं," तो म्हणाला.

तो सगळ्याला 'बरं' म्हणतो, हे मनीषाने सांगितलेलं मला आठवलं. रात्री जेवण गेलं नाही. पण बुधवारी दुपारी मनीषा बाहेर आली, फोन माझ्यासमोर धरला. त्यावर दोनच शब्द होते, 'मागे घेतला.' ती तशीच उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून रडली. गुरुवारी जहाज सुटलं आणि फोन बंद झाला.

पंधरा वर्षं मी त्याची वाट पाहिली ती कधी मोजली नाही. मोजून उपयोग नव्हता. आता मार्चअखेरचा दिवस ठरला आहे, तर दिवस हलत नाहीत. कुलूप लावलेली खोली मनीषाची दोनदा झाडून झाली.

शनिवारी पाणी आलं. मनीषाने नळी धरली, दुर्वा स्टुलावर बसली. मी सवयीने पुढे झालो आणि मधेच थबकलो. अंगणात खरंच एक खुर्ची मांडलेली होती.

दुर्वाने विचार केला. "बाबा येईपर्यंत तुम्हीच बघा," ती म्हणाली. "तेवढ्यापुरतं."

तीस वर्षं कायम नोकरीत काढलेला माणूस मी, या वयात हंगामी झालो. ओंजळ धरली. आधी गंजाचं आलं, ते जाऊ दिलं. मग पाणी निवळलं. जिभेला लावलं, आणि का कोण जाणे, त्या दिवशी जरा जास्तच वेळ तोंडात ठेवलं.

"भरा," मी म्हणालो.

अजून सोळा पाणी आहेत.